गणेश पेठ ते हर्णै : पाकटाच्या शेपटीच्या शोधात

शुक्रवार, गणेश पेठ

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार काल उलटला, त्यामुळे आज गणेश पेठेतल्या मासळी बाजारात सकाळी सातलाच मुंगी शिरायला जागा नव्हती. महिनाभर वार पाळलेले लोक पिशव्या घेऊन तुटून पडले होते. नाताळच्या सुट्टीत दादा आणि त्याची लेक माझ्याकडे आलेत. भाची नववीत आहे. साप, विंचू, गांधीलमाशी, म्हणजे लोक ज्यांना बघून पळतात त्या सगळ्यांचं तिला वेड, आणि तिचं ते वेड मला फार आवडतं. म्हणून मासे घ्यायला जाताना तिला मुद्दाम सोबत नेलं.

सुरमई, हलवा, बोंबील सगळं बघून झाल्यावर एका गाळ्यावर बर्फात ठेवलेलं पाकट, म्हणजे स्टिंगरे, दिसलं. परातीएवढं, वरून मातकट, खालून पांढरंफटक. डोळे वरच्या अंगाला, तोंड आणि कल्ल्यांच्या फटी खालच्या अंगाला. शेपटीच्या जागी मात्र बोटभर थोटूक.

"मावशी, हिची शेपूट कुठे गेली?" भाचीने विचारलं.

"काटा असतो बाळा तिच्यात, विषारी. बंदरावरच छाटून टाकतात, मग माल गाडीत चढतो. पुण्यात कुणाला बघायला मिळत नाही ती."

झालं. भाचीचं बाजारातलं लक्षच उडालं. आम्हाला कोकणात जायचंच होतं, दादाने तिथल्या तिथे हर्णै ठरवून टाकलं. मी त्यात भर घातली. सोमवारपर्यंत पुण्यातच आहोत, तर तोवर इथल्या डोंगरांवर जे जे डसतं, टोचतं, खाजवतं ते पाहून घेऊ आणि वाटेत भेटेल ते पाहत पाहत समुद्रावर पोचू. मला या विषयाची ओढ जुनी आहे. 'विषारी' एवढंच म्हणून आपण थांबतो, पण प्रत्येकाचं हत्यार वेगळं असतं, ते वेगळ्या शत्रूसाठी घडलेलं असतं आणि म्हणून त्यावरचा उपायही वेगळा असतो. हा वेगळेपणा माहीत नसला की माणसं सगळ्यावर एकच काहीतरी चोळत बसतात.

सुरुवात घरच्याच स्वयंपाकघरात झाली. रात्री अळूचं फदफदं केलं. पानं चिरायच्या आधी मी हाताला चिंचेचा कोळ लावला, तेव्हा भाचीला कारण सांगितलं. अळूच्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईच्या आकाराचे स्फटिक जुड्या बांधून ठेवलेले असतात. पान चावलं की पेशी फुटतात, सुया बाहेर येऊन जिभेत, घशात घुसतात आणि त्यांनी पाडलेल्या बारीक भोकांतून झाडातली प्रथिनं आत जाऊन आग करतात. पान नीट शिजवलं की ही प्रथिनं मोडतात. सुया राहिल्या तरी त्यांचा जोर सरतो. सुरणाचंही तेच. पंगतीला दोनदोनदा फदफदं मागून घेणाऱ्या पुणेकराच्या वाटीत एका झाडाची अख्खी संरक्षणव्यवस्था शिजलेली असते, हे मला प्रत्येक वेळी नवल वाटतं. शिजवल्याने विष मोडतं, एवढं लक्षात ठेव, असं मी तिला म्हटलं. हर्णैला ते पुन्हा लागणार होतं.

शनिवार, वेताळ टेकडी

सकाळी लवकर एआरएआयच्या रस्त्याने टेकडीवर गेलो. गवत पिवळं पडलं होतं, मोर ओरडत होते, आणि जुन्या दगडखाणीकडे उतरणाऱ्या वाटेवर सावलीला झुडपांवर चढलेली एक किरकोळ वेल सापडली. खाजकोलती. करवती कडेची पानं, अंगभर पांढरे विरळ केस. भाचीच्या मनगटाला तिचं एक पान जेमतेम घासून गेलं आणि मिनिटभरात तिथे लाल गांध्या उठल्या.

"चोळू नकोस," मी म्हटलं. चोळल्याने राहिलेले केस आणखी खोल जातात. दादाने पाकिटातली चिकटपट्टी काढली, मनगटावर हलकेच चिकटवून ओढून काढली, तीनचारदा. मग पाणी. आग अर्ध्या तासात उतरली.

भिंग लावून ते केस पाहण्यात आमचा तासभर गेला. खाजकोलतीच्या केसाच्या टोकाशी कॅल्शियम ऑक्झलेटचा एक टोकदार स्फटिक बसवलेला असतो. म्हणजे पदार्थ तोच, जो काल अळूत होता. फक्त अळूने तो पानाच्या आत लपवलाय आणि हिने बाहेर रोखून धरलाय. विलायतेत ज्याला नेटल म्हणतात त्या झाडाची रीत निराळी. त्याच्या केसाचं टोक सिलिकाचं, म्हणजे काचेच्याच जातीचं. स्पर्श झाला की टोकाची गोळी ठरल्या जागी तुटते, उरते ती पोकळ सुई. ती कातडीत शिरते आणि तळाच्या पिशवीतला रस आत सोडते. त्या रसात हिस्टामिन, असेटिलकोलिन, सेरोटोनिन असतात. आपल्याच शरीरात निरोप्याचं काम करणारी ही रसायनं. झाडाने आपलीच भाषा शिकून आपल्यालाच दटावलं, असं भाची म्हणाली. तिचं म्हणणं मी जसंच्या तसं टिपून ठेवलंय.

एवढा बंदोबस्त कुणासाठी? पानं ओरबाडणाऱ्या शेळ्यामेंढ्या, हरणं अशा जनावरांसाठी. किड्यांना तो फारसा अडवत नाही. एरंडावर वाढणारी 'कॅस्टर' नावाची तांबूस फुलपाखरं खाजकोलतीवरही अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या ही पानं निवांत खातात. आम्हाला अळी दिसली नाही, कुरतडलेली पानं दिसली.

परतताना सोसायटीच्या शेवग्यावर जुन्या कातींचा गठ्ठा चिकटलेला होता. पावसाळ्यात त्या खोडावर सुरवंटांचे थर बसतात आणि खालून जाणाऱ्यांच्या मानेवर लाल चट्टे उठतात. सुरवंट गेले तरी कातीतले केस टोचतातच, म्हणून हात न लावता काठीने दाखवलं. २०२२च्या सप्टेंबरात उसाच्या पट्ट्यात 'घोणस अळी'ने केवढी घबराट उडवली होती ते दादाला आठवलं. अंगावर काटेरी झुपके असलेली ती अळी. साप चावल्यागत मरण येतं, अशा वावड्या गावोगाव फिरल्या होत्या. प्रत्यक्षात काटे लागले की जबर आग होते, सूज येते, आणि बहुतेकांचं तेवढ्यावर निभावतं. नाव घोणसीचं मिळालं, तिच्यासारख्या नक्षीमुळे म्हणतात, आणि भीतीही घोणसीची मिळाली.

रविवार, सिंहगड

रविवारी सिंहगड म्हणजे गर्दी ठरलेली, म्हणून उजाडायच्या आत आतकरवाडीला पोचलो आणि पायवाटेने चढलो. पहिल्या टप्प्यातच ताकवाल्या आजींनी हटकलं, "पोरीला त्या कडेनं नेऊ नका, खाजकुयली वाळलीय."

खरंच वाळली होती. इंग्रजी एस अक्षराच्या वळणाच्या शेंगा, त्यांच्यावर सोनेरी-तपकिरी मखमल. उन्हात इतकी सुरेख दिसते की हात आपोआप पुढे होतो. ती मखमल म्हणजे हजारो सुटे केस. हिवाळ्यात शेंग वाळली की नुसत्या वाऱ्याने उडतात. आजींनी सांगितलं की त्यांच्या लहानपणी गवत कापायला गेलेल्या बायका अंग फोडून घेईपर्यंत खाजवत घरी यायच्या, मग शेण लावून वाळू द्यायचं आणि खरवडून काढायचं. उपाय अडाणी वाटतो, पण त्यात तथ्य आहे. वाळलेल्या थराला चिकटून केस निघून येतात. काल आम्ही चिकटपट्टीने दुसरं काय केलं?

खाजकुयलीत खाज आणणारं जे द्रव्य आहे ते प्रथिनं तोडणारं विकर आहे, म्युकुनेन. ते कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांना थेट चेतवतं, हिस्टामिनच्या वाटेने जातच नाही. म्हणून ॲलर्जीवरची नेहमीची गोळी घेऊन ही खाज फारशी हटत नाही. आणि याच शेंगेच्या बियांत एल-डोपा असतं, कंपवातावर दिलं जातं तेच औषध. आयुर्वेदात कपिकच्छू म्हणून ही बी फार जुनी आहे. झाडाने बी राखायला एवढी कडेकोट शेंग केली, आणि माणसाने शेवटी बीच उचलली.

गडाच्या ऐन कड्याला, वाटेपासून बऱ्याच अंतरावर आग्या मोहोळं लटकली होती. काळपट, अर्धगोल, हातभर लांबीची. दादाने दुर्बीण लावून दिली आणि आम्ही खडकाच्या आडोशाला बसून राहिलो. पोळं उघडं असतं, त्यावर माश्यांचाच पडदा. एक गांधीलमाशी त्या बाजूला घिरट्या घालत आली. एका टोकाच्या माश्यांनी शेपट्या वर झटकल्या, शेजारणींनी त्यांचं बघून झटकल्या, आणि बघता बघता पोळ्यावरून चकाकती लाट सरकत गेली. मग दुसरी, तिसरी. गांधीलमाशी निघून गेली. एकही माशी पोळं सोडून उडाली नाही, एकही डंख खर्ची पडला नाही. हे दृश्य दुर्बिणीतून डोळे भरून पाहिल्यावर आग्यामाशीला 'क्रूर' म्हणवत नाही.

डंख तिला महाग पडतो. कामकरी माशीच्या नांगीला उलटे दात असतात. माणसाच्या लवचिक कातडीत ती अडकते आणि माशी उडताना नांगी, विषाची पिशवी आणि आतले स्नायू मागेच राहतात. माशी मरते. मागे राहिलेली पिशवी मात्र आपली आपण आकसत विष ढकलत राहते. शिवाय तिथून एक वास सुटतो, पिकलेल्या केळ्यासारखा. तो बाकीच्यांना सांगतो, इथेच या. एक चावली की झुंबड पडते ती यामुळे. नांगी मुळात अंडी घालण्याच्या अवयवाचं बदललेलं रूप, त्यामुळे डंख फक्त माद्या करतात. नराकडे नांगीच नसते.

उपाय यातूनच निघतो. नांगी नखाने खरवडावी की चिमटीने धरावी यावर लोक वाद घालतात. त्याने काही फरक पडत नाही, काढायला किती वेळ घेतला याने पडतो. दिसली की काढायची, आणि डोकं-तोंड झाकून पळत सुटायचं, बंद गाडीत किंवा घरात शिरेपर्यंत. पाण्यात उडी मारली तर माश्या वर घोटाळत राहतात. ज्यांना ॲलर्जी आहे, ज्यांचा श्वास अडतो, चेहरा सुजतो, किंवा ज्यांना पुष्कळ डंख बसलेत, त्यांनी थेट दवाखाना गाठायचा. गडावर येताना अत्तरं फवारणारे, कड्याखाली शेकोट्या पेटवणारे आणि मोहोळाला दगड मारणारे यांच्यावर माझा मनापासून राग आहे. त्यांनी मोहोळ उठवायचं आणि भोगायचं मागून येणाऱ्या शाळेच्या सहलीने.

पिठलं-भाकरी खाताना दादाने जस्टिन श्मिट या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. त्यांनी आयुष्यभर स्वतः डंख खाऊन वेदनेची मोजपट्टी बनवली, एक ते चारपर्यंत. मधमाशी दोनवर, दक्षिण अमेरिकेतली बुलेट मुंगी सगळ्यात वर. २०२३मध्ये ते गेले. मला त्या मोजपट्टीपेक्षा त्यांचा मुद्दा मोलाचा वाटतो. वेदना आणि इजा या वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळ डंख नुसते दुखतात, त्यातून धोका फार नसतो. वेदना हाच निरोप असतो. उतरताना भाचीने गणेशखिंड रस्त्यावरच्या मधमाशी संशोधन संस्थेबद्दल विचारलं. १९६२पासून पुण्यात ही केंद्रीय संस्था आहे आणि रोज तिच्यासमोरून जाणाऱ्यांना तिचा पत्ता नसतो. पुढच्या सुट्टीत, कामाच्या दिवशी तिथे जायचं ठरलं.

सोमवार, भोर–वरंध–महाड–दापोली

भोरला मिसळ, पुढे नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेकडेने रस्ता, मग वरंध घाट. घाट उतरला की हवा बदलते आणि जमिनीचा रंगही. बिरवाडीच्या अलीकडे चहाला थांबलो. हा सगळा मुलूख लाल विंचवाचा.

महाराष्ट्रात राहून ज्यांना ही हकिगत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगायलाच हवं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७०च्या दशकात इथल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा विंचू चावलेली माणसं, विशेषतः मुलं, डोळ्यांसमोर दगावत होती. मंत्र, झाडपाला, थंडगार हातपाय, दरदरून घाम, उलट्या, आणि मग फुप्फुसात पाणी होऊन तोंडाला फेस. बावस्करांनी रात्र रात्र रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. त्यातून उलगडलं ते असं. लाल विंचवाच्या विषाने शरीर स्वतःचीच उत्तेजक रसायनं बेसुमार ओतायला लागतं, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय त्या दाबापुढे थकतं. मग त्या आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं औषध द्यावं. प्राझोसिन, रक्तदाबावरची एक साधी स्वस्त गोळी. १९८६मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा त्यावरचा निबंध आला. जिथे शंभरातले तीस-चाळीस गंभीर रुग्ण जात होते, तिथे मृत्यू एकदोन टक्क्यांवर आले. इतर देशांतही विंचूदंशावर आज ही गोळी देतात. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

चहावाल्या काकांना हे सगळं तोंडपाठ होतं. म्हणाले, "पूर्वी भात कापणीला गेलेला माणूस संध्याकाळी परत येईल याचा भरवसा नव्हता. आता मांत्रिकाकडे कोण जात नाय. घाम फुटला की रिक्षा काढतात." त्या घामाचं महत्त्व इथल्या माणसाला कळतं. नुसतं दुखत असेल तर बरं. दुखणं कमी, पण घाम, उलटी आणि गार हातपाय असतील तर धावपळ करायची.

रात्री दापोलीजवळ ओळखीच्यांकडे मुक्काम केला. दादाने पुण्याहून अतिनील टॉर्च आणला होता. जेवणं झाल्यावर घराच्या जांभ्याच्या गडग्यावर प्रकाश टाकत हळूहळू चाललो. दहा पावलं काहीच नाही, आणि अचानक एका फटीत हिरवट-निळा झगझगीत आकडा. विंचू. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगभर उजळलेला. त्याच्या कवचातली द्रव्यं या प्रकाशात चमकतात, नुकती कात टाकलेला विंचू चमकत नाही. भाची श्वास रोखून वीतभर अंतरावरून बघत होती, आणि यजमान काकू दारातून ओरडत होत्या, "अगं बाई, चपला तरी घाल!" त्यांनीच आणखी एक खूण सांगितली, जी ढोबळपणे खरी आहे. काळी दांडगी इंगळी चिमट्यांनी काम भागवते, तिचं विष बेताचं. बारीक चिमट्यांचा आणि जाड शेपटीचा तांबूस विंचू दिसला की चार हात लांब राहायचं. ज्याच्याकडे ताकद आहे त्याला विष लागत नाही.

मंगळवार, हर्णै

दुपारी चारच्या सुमाराला हर्णैच्या बंदरावर पोचलो. सुवर्णदुर्ग समोर, होड्या किनाऱ्यापासून आत उभ्या, आणि माल वाळूवर आणायला बैलगाड्या पाण्यात उतरलेल्या. वाळूवर ठिकठिकाणी मासळीचे वाटे आणि प्रत्येकाभोवती लिलावाचं कोंडाळं. वर्षाचा शेवटचा दिवस असल्याने पुण्या-मुंबईचे लोक मोबाइल उंचावून सगळीकडे होते.

एका होडीच्या मालात पाकटं होती. अख्खी, शेपटीसकट.

यजमान काकांच्या ओळखीचे तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, होते. त्यांना भाचीने सरळच सांगितलं, "आजोबा, मला शेपूट बघायचीय." ते हसले, एका मेलेल्या पाकटाची शेपटी जाड फडक्याने धरून फळीवर ठेवली आणि तिला जवळ बोलावलं. अंगाच्या दुप्पट लांब, चाबकागत निमुळती शेपूट. काटा टोकाला असेल असं आम्ही सगळ्यांनी धरलेलं. तो होता बुंध्यापासून थोडा पुढे, शेपटीच्या पाठीवर, मागे टोक करून चिकटून निजलेला. बोटभर लांब, चपटा, राखी रंगाच्या बुळबुळीत सालीत गुंडाळलेला. तांडेलांनी कोयत्याच्या पाठीने साल मागे सारली. आत हस्तिदंती रंगाचा काटा, दोन्ही कडांना दात, सगळे उलटे, अंगाकडे वळलेले. खालच्या बाजूला दोन खोल खाचा आणि त्यांत करडा, मऊ गर.

तो गर म्हणजे विष. इथे नळी नाही, पंप नाही, विंचवासारखी फुगीर थैली नाही. काटा शिरताना साल फाटते, गर चिरडतो आणि जखमेत माखला जातो. काटा बाहेर येताना उलटे दात मांस फाडतात. त्या फाटण्यानेच अर्धं नुकसान होतं. काटा हा शार्कच्या खरखरीत कातडीवर जे दाताच्या जातीचे खवले असतात त्यांचंच वाढलेलं रूप आहे. पाकट आणि मोरी, म्हणजे शार्क, नात्याने जवळची, दोघांच्या अंगात हाड नाही, सगळी कूर्चा. काटा तुटला तर नवा येतो. जुन्याच्या शेजारी नवा उगवत असलेलं एक पाकट तांडेलांनी शोधून दाखवलं. मध्य अमेरिकेतले माया लोक हे काटे देवाला स्वतःचं रक्त वाहण्याच्या विधीत वापरायचे, हे मी वाचलं होतं. ती धार बघून ते पटलं.

"हा मारायला येतो का?" भाचीने विचारलं.

"तो कशाला येतोय? तो खाली चिखलात कुर्ल्या, तिसऱ्या फोडून खातो. वरून वाळू ओढून घेतो, डोळे तेवढे उघडे. आपण जाऊन त्याच्या पाठीवर पाय देतो. मग तो शेपूट उलटी मारतो, अशी." त्यांनी मनगट मागून वर झटकून दाखवलं. काटा पाठीवर का, हे त्या झटक्यात समजलं. पाकटाला भीती वरून येणाऱ्याची, म्हणजे मोठ्या मोरीची. हातोड्याच्या डोक्याच्या मोऱ्या तर पाकटांवरच ताव मारतात. त्यांच्या जबड्यांत पाकटाचे काटे रुतलेले सापडलेत, तरी त्या खातच असतात. तेव्हा हा काटा म्हणजे काही अमोघ अस्त्र नव्हे. आणि शिकार करायला तर तो कधीच वापरला जात नाही.

तांडेलांनी लेंगा वर करून घोट्यावरचा व्रण दाखवला. तरुणपणी रापणीचं जाळं ओढताना लागलेला. "ताप चढला, पोरी. जांघेपर्यंत ठणका. म्हातारीने चुलीवर पाणी तापवलं आणि घमेल्यात पाय बुडवून बसवलं. थंड झालं की परत गरम. तासाभराने बोलायला लागलो."

म्हातारीने केलं ते शंभर टक्के बरोबर होतं. पाकटाच्या विषातली प्रथिनं उष्णतेने मोडतात असं मानतात आणि गरम पाण्याने वेदना हटते हा डॉक्टरांचाही अनुभव आहे. सोसवेल इतकं गरम, ४५ अंशांच्या वर नाही, अर्ध्या ते दीड तासापर्यंत. पाणी आधी दुसऱ्या, धड पायाने चाचपायचं, कारण दुखऱ्या पायाला चटका कळत नाही. त्यानंतर डॉक्टर, कारण काट्याचा तुकडा आत राहून जखम चिघळते, आणि धनुर्वाताचं इंजेक्शनही हवं. भाचीने माझ्याकडे पाहिलं. शुक्रवारच्या अळूची आठवण मला करून द्यावी लागली नाही.

एक गोष्ट तांडेलांना आम्ही सांगितली. काटा छातीत, पोटात किंवा मानेत घुसलेला असेल तर ओढून काढायचा नाही, तसाच ठेवून माणसाला रुग्णालयात न्यायचं. ४ सप्टेंबर २००६ला ऑस्ट्रेलियात बॅट रीफवर चित्रीकरण करताना प्राण्यांवरचे टीव्ही कार्यक्रम करणारे स्टीव्ह आयर्विन गेले ते छातीत काटा लागून. इतक्या मगरी-साप हाताळलेला माणूस पाकटाने गेला, म्हणून ती बातमी जगभर झाली. पाकटामुळे माणूस दगावणं फार विरळ. घोट्याला लागणं मात्र किनाऱ्यावर नेहमीचं.

बाजूलाच शिंगाळ्याचा वाटा होता. त्याचे पाठीवरचे आणि बाजूचे काटे खलाशी पकडीने मोडत होते. तेही विषारी, त्यावरही गरम पाणीच.

मग ज्याची कुणी अपेक्षा केली नव्हती ते झालं. जाळ्यातून नुकत्याच सोडवलेल्या एका मादीने तिथेच पिल्लू टाकलं. पकडल्याच्या ताणाने पाकटं असं करतात. ती अंडी घालत नाहीत, पिल्लांनाच जन्म देतात. तळव्याएवढं पिल्लू, कडा थरथरत होत्या. शेपटीवर काटा होता, पण मऊ, सालीत पुरता झाकलेला, आईला इजा होऊ नये असा. खलाशाने ते ओंजळीत घेतलं, कमरेएवढ्या पाण्यात गेला आणि सोडून आला. ते जगलं का ते कळायला मार्ग नाही. पाकटं थोडी पिल्लं देतात आणि वाढायला वेळ घेतात. शार्क, पाकट आणि त्यांच्या भाऊबंदांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत, असं २०२१च्या जागतिक आढाव्यात आलंय. तांडेल त्यांच्या शब्दांत तेच म्हणाले, "आमच्या वेळची पाकटं दारासारखी असायची. आता बघ, सगळी पोरं."

शेवटी त्यांनी कोयता उचलला, शेपूट मुळाशी तोडली आणि पाटीत टाकली. अंग पुण्याच्या गाडीकडे गेलं.

बुधवार, कर्दे

वर्षाचा पहिला दिवस, कर्द्याचा किनारा माणसांनी फुललेला. आम्ही तिघं पाण्यात शिरलो ते पाय न उचलता, वाळूत घासत घासत. पाकटाला आधी हादरा कळतो आणि ते सरकतं, एवढा साधा उपाय आहे. आजूबाजूचे लोक बघायला लागले आणि भाची त्यांना न विचारता समजावून सांगत सुटली.

भरतीच्या रेषेवर दोनतीन जेलीफिश पडल्या होत्या. मेलेल्या दिसल्या तरी त्यांच्या दंशपेशी जिवंत असतात. प्रत्येक पेशीत गुंडाळी करून ठेवलेला एक दोर, स्पर्शाने तो सुटतो. हायड्रा या जेलीफिशच्या छोट्या नातलगात हा मारा मोजलाय. सेकंदाच्या दशलक्षाव्या भागापेक्षाही कमी वेळात होतो, प्राणिजगतातल्या अतिवेगवान हालचालींपैकी एक. २०१८च्या ऑगस्टमध्ये जुहूला 'ब्लू बॉटल' या जेलीफिशसारख्या जीवाने कितीतरी लोकांना असंच पोळलं होतं. इथे पुन्हा उपाय वेगळा. गोडं पाणी ओतायचं नाही, वाळूने घासायचं नाही, त्याने न सुटलेल्या पेशीही सुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, तंतू काडीने उचलायचे, मग गरम पाणी.

इतक्या गर्दीच्या किनाऱ्यावर यातलं एक अक्षरही कुठे लिहिलेलं नव्हतं. बुडण्याच्या सूचना होत्या आणि त्या हव्यातच, पण काटा लागला, पोळलं तर काय करावं याची पाटी नाही. मला हे मनापासून खटकलं. जीवरक्षकाच्या टपरीत एक किटली आणि एक बादली, एवढाच काय तो खर्च.

जिथे जेवलो त्या घरगुती खानावळीच्या वहिनींशी हे बोललो. त्यांनी दहा मिनिटांत जुन्या पुठ्ठ्याची मागची बाजू पुढे केली. भाचीने मार्करने लिहिलं: 'समुद्रात पाय घासत चाला. पाकट किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा, मग डॉक्टरकडे जा. छाती-पोटातला काटा उपसू नका. जेलीफिशला गोडं पाणी नको, चोळू नका. गरम पाणी इथे मिळेल.' शेवटची ओळ वहिनींनी घालायला लावली. मग त्यांना शंका आली, घाम-उलटीचं विंचवाचंही लिहू या का, आमच्याकडे पावसाळ्यात फार निघतात. जागा उरली नव्हती, म्हणून भाची दुसरा पुठ्ठा मागायला आत गेली.